न बघता केलेल्या चार सह्या

बारकी आता शेहेचाळीस वर्षांची होती, पण घरात तिचं नाव बारकीच राहिलं होतं. तिच्याहून नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईने ते पाडलं आणि मग ते काही सुटलं नाही. घशाच्या रुग्णालयात मात्र तिला सगळे मॅडम म्हणत. तिथले सगळे संगणक, त्यांच्या तारा, पासवर्ड आणि रुसवेफुगवे तिच्याकडे होते. कुणाचा प्रिंटर अडला की मॅडम, कुणी पासवर्ड विसरलं की मॅडम. बाई थंड डोक्याची. आग लागली तरी आधी चपला शोधेल आणि मग बाहेर पडेल, असं लोक तिच्याबद्दल कौतुकाने बोलत.

त्या मंगळवारी पावणेनऊला ती टेबलाशी येऊन बसते न बसते तोच रेडिओकाका दारात उभे राहिले. काका पूर्वी रेडिओवर बातम्या वाचत. निवृत्तीनंतर ते रुग्णालयाच्या आवाज विभागात आले. तिथलं काम जगावेगळं होतं. ज्यांचं स्वरयंत्र कापून काढावं लागणार, त्यांना शस्त्रक्रियेआधी काचेच्या खोलीत बसवायचं आणि त्यांच्याकडून तीनशे वाक्यं वाचून घ्यायची. त्या वाक्यांवरून संगणक त्या माणसाचा आवाज घडवत असे. पुढे घसा कायमचा मुका झाला की माणूस हातातल्या टॅबवर टाइप करायचा आणि टॅब त्याच्याच आवाजात बोलायचा.

"मॅडम, माझं फोल्डर उघडत नाहीये," काका म्हणाले. "नुसतं चाक फिरतंय."

बारकी किल्ल्या घेऊन जिन्याखालच्या खोलीकडे गेली. काका मागोमाग. दार उघडताच तिच्या बुटाखाली पचकन आवाज झाला. वरच्या प्रयोगशाळेतल्या बेसिनचा पाइप छताच्या पोटातून जात होता. तो रात्रीत कधीतरी फुटला होता आणि पाणी नेमकं ज्या कपाटावर गळत होतं त्यात आवाज विभागाची सहा डिस्कची पेटी होती. पेटीवर सहा दिवे, एरवी सहाही हिरवे. आज दोन लाल होते आणि चार विझलेले.

तिने आधी वीज तोडली, मग प्लंबरला फोन लावला, मग खुर्चीवरचं फडकं उचलून पेटीवर टाकलं. काकांचा चेहरा उतरला होता.

"सगळं गेलं का हो?"

"पेटी गेली, काका. आतलं नाही गेलं. बॅकअप आहे."

हेच तिने प्लंबरला सांगितलं, काय झालं म्हणून डोकावलेल्या परिचारिकेला सांगितलं आणि फोनवर मोठ्या बाईंना सांगितलं. मोठ्या बाई म्हणजे रुग्णालयाच्या प्रमुख शल्यविशारद. त्या शस्त्रक्रियेच्या तयारीत होत्या. "किती वेळ लागेल?" एवढंच त्यांनी विचारलं.

"जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं जागेवर असेल, बाई."

ती हे उगाच बोलत नव्हती. चार वर्षांपूर्वी तिने स्वतः खपून चौदा पानांचा आराखडा केला होता: पाणी शिरलं तर काय, आग लागली तर काय, चोरी झाली तर काय. मूळ रेकॉर्डिंग इथल्या यंत्रावर, एक प्रत समोरच्या इमारतीतल्या यंत्रावर, आणखी एक प्रत दुसऱ्या शहरातल्या शाखेत. दर तीन महिन्यांनी प्रतीतून सगळं परत आणून पाहायचं आणि तशी सही करायची. दुसऱ्या दोन रुग्णालयांनी तो आराखडा मागून नेला होता. शिवाय रोज सकाळी तिला निरोप येई: 'बॅकअप यशस्वी'. चहाचा पहिला घोट घेताना ती तो वाचायची. कित्येक महिन्यांत एकदाही खाडा नव्हता.

टेबलाशी परत येऊन तिने बॅकअप उघडला. आवाज विभागाच्या नावावर टिचकी मारली.

आत एकच फाइल होती.

तिला आधी काही वाटलंच नाही. चुकीच्या जागी आलो, एवढंच वाटलं. तिने ते बंद केलं आणि पुन्हा उघडलं. तीच एक फाइल. नाव 'वाचा'. आकार एक केबी, एका चिठ्ठीएवढा. तिने ती उघडली.

'सूचना: सर्व रेकॉर्डिंग नव्या पेटीत हलवली आहेत. या फोल्डरमध्ये काहीही ठेवू नये.'

वाक्यं तिचीच होती. खाली तारीख होती अकरा महिन्यांपूर्वीची.

एकेक गोष्ट तिच्या डोक्यात अशी उमटत गेली की जणू दुसरंच कुणीतरी तिला ती वाचून दाखवत होतं. अकरा महिन्यांपूर्वी जुन्या सर्व्हरवरची जागा संपली होती. तिने नवी पेटी आणली, शनिवार-रविवार बसून सगळी रेकॉर्डिंग तिकडे हलवली आणि जुन्या जागी ही चिठ्ठी ठेवली. काकांना नवा पत्ता सांगितला, डॉक्टरांना सांगितला. बॅकअपला सांगायचा राहिला. तो बिचारा रोज पहाटे जुन्याच फोल्डरशी जाई, तिथली ती एक चिठ्ठी उचली, तिची नीट नक्कल करी आणि यशस्वी म्हणून कळवी. त्यात खोटं काहीच नव्हतं. मुळातून काढलेल्या गोष्टी प्रतीत नव्वद दिवस ठेवायच्या आणि मग पुसायच्या, असा नियम होता. नियमही तिचाच. ते नव्वद दिवस केव्हाच उलटले होते.

तिने दुसऱ्या शहरातल्या शाखेला फोन लावला. तिथला ऑपरेटर झोपाळू आवाजात म्हणाला, "बघतो हं, मॅडम." मग म्हणाला, "एकच फाइल दिसतेय. 'वाचा' नावाची. उघडू का?"

"नको," बारकी म्हणाली.

तिने फोन ठेवला, पण हात फोनवरून उचलेना. काका अजून दाराशीच होते.

"मॅडम, तुम्ही पांढऱ्याफटक पडलात. पाणी देऊ का?"

तिने मान हलवली, ती हो म्हणून की नाही म्हणून ते तिलाही कळलं नाही. मागच्या शेल्फावरून तिने आराखड्याची फाइल काढली आणि शेवटचं पान उघडलं. 'प्रत परत आणून तपासली' असा रकाना. गेल्या वर्षभरात चारदा 'होय', आणि चारदा तिची सही. पहिल्यांदा तपासणीला माणसं यायची होती म्हणून घाईत केली होती. दुसऱ्यांदा मोकळं यंत्र मिळेना. तिसऱ्यांदा आणि चौथ्यांदा काय कारण होतं ते तिला आठवेना. बहुतेक कारण नव्हतंच. अर्धा दिवस मोडतो आणि रोजचा निरोप तर येतोच आहे, मग काय बघायचं, असं वाटलं असावं. शाई मात्र चारही वेळा एकाच पेनाची होती.

तिच्या मनात आलं, आणखी तासभर शोधू या. कुठल्या तरी कोपऱ्यात काहीतरी असेल. काही मिळालं की मगच बाईंना सांगू. ती खरोखर पुन्हा खुर्चीत बसलीही. मग काय वाटलं कोण जाणे, उठली आणि जिना चढू लागली.

मोठ्या बाई शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर हात धूत होत्या. मास्क गळ्यात लोंबत होता.

"बाई, बॅकअप रिकामा आहे."

"रिकामा म्हणजे?"

"म्हणजे नाहीये. दोन्ही जागी नाहीये. पेटीत होतं तेवढंच होतं."

बाईंचे हात नळाखालीच थांबले. पाणी कोपरांवरून खाली गळत राहिलं. त्यांनी बारकीकडे पाहिलं, मग आतल्या दाराकडे.

"आत सलूनवाला आहे," त्या हळू म्हणाल्या. "स्वरयंत्र पूर्ण काढायचंय. त्याचं रेकॉर्डिंग गेल्या आठवड्यात झालंय."

"भूल दिली?"

"देताहेत."

"थांबवा, बाई," बारकी म्हणाली. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही, असं तिला वाटलं.

बाईंनी कोपराने दार ढकललं. आतून त्यांचे दोन शब्द ऐकू आले, मग भांडी खाली ठेवल्याचा आवाज, मग शांतता. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता. "सुई टोचलेली होती. औषध सोडायचं होतं," त्या म्हणाल्या. "दोन मिनिटांनी आली असतीस तर." बाई तिला कायम अहो-जाहो करत. आज ते सुटलं आणि दोघींच्याही लक्षात आलं नाही.

सलूनवाल्याला कुणी नीट समजावून सांगितलं तेव्हा तो उपाशीपोटी, मनगटात सुई तशीच, काचेच्या खोलीत जाऊन बसला. तीनशे वाक्यं त्याने एका बैठकीत वाचली. मध्ये पाणी प्यायला थांबला तेव्हाही काकांशी बोलतच होता. काकांनी ते रेकॉर्डिंग तीन वेगवेगळ्या कार्डांवर घेतलं आणि एक कार्ड स्वतःच्या खिशात घालून वरून बटण लावलं.

इकडे बाईंच्या खोलीत यादी आली. ज्यांना टॅब मिळून गेले होते त्यांचं फारसं बिघडलं नव्हतं. घडवलेला आवाज त्यांच्या हातातच होता. प्रश्न होता तो टॅबची वाट पाहणाऱ्यांचा. असे त्रेसष्ट जण होते. वीस जणांचा घसा अजून शाबूत होता, सलूनवाला त्यातलाच. त्यांना पुन्हा बोलावता येणार होतं. त्रेचाळीस जणांची शस्त्रक्रिया होऊन गेली होती.

"वाच नावं," बाई म्हणाल्या.

बारकी वाचू लागली. सत्ताविसाव्या नावाशी ती थांबली. इतका वेळ तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. ते ठाऊक असणं मघापासून दाराबाहेर उभं होतं आणि ती दार उघडत नव्हती.

"काय झालं?"

"हे माझे दाजी आहेत," ती म्हणाली. "ताईचे यजमान."

बाईंनी समोरचा पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला आणि यादी तिच्या हातातून काढून घेऊन पुढची नावं स्वतः वाचली.

दाजी लिफ्टचे निरीक्षक होते. एकतीस वर्षं त्यांनी गावभरच्या इमारतींच्या लिफ्ट तपासल्या. विहिरीसारख्या खोल चौकटीत वाकून खालच्या मेकॅनिकला हाका मारायच्या म्हणून आवाज कमावलेला, खणखणीत. घरात ते मीठ मागत तेव्हा शेजारच्या बाईंना वाटे आपल्यालाच मागताहेत. घशात गाठ निघाली तेव्हा रेकॉर्डिंग वगैरे त्यांना नकोच होतं. "गेला तर गेला. तुझी ताई तरी निवांत होईल," ते म्हणाले होते. बारकीनेच त्यांना गळ घातली. सहा वेळा सोबत घेऊन गेली. शेवटच्या दिवशी काचेच्या खोलीतून बाहेर येताना ते जरा हळवे झाले होते. तेव्हा ती म्हणाली होती, "दाजी, डॉक्टर घसा नेतील. आवाज माझ्याकडे आहे. अगदी निर्धास्त राहा." याला सात आठवडे झाले होते. शस्त्रक्रियेला पाच. येत्या गुरुवारी त्यांना टॅब मिळायचा होता.

दुपारी तीनला ती ताईच्या दारात उभी राहिली.

"आज इतक्या लवकर?" ताई म्हणाली. "बरं झालं आलीस. गुरुवारी किती वाजता यायचं? मी यांच्याशी भांडायचं सगळं साठवून ठेवलंय. त्या पाटीवर काही भांडता येत नाही गं. हे लिहून होईपर्यंत माझा राग निघून जातो."

दाजी खिडकीपाशी बसले होते. गळ्याभोवती पांढरी पट्टी, मांडीवर छोटी पांढरी पाटी, बोटांत मार्कर. त्यांनी भुवया उडवून तिचं स्वागत केलं. बारकी बसली नाही. बसलो तर बोलता येणार नाही असं तिला वाटलं. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: पाइप, पेटी, बॅकअप. काही झाकलं नाही.

ताई ऐकत होती, पण तिच्यापर्यंत ते पोचत नव्हतं. "हरवला म्हणजे काय?" तिने विचारलं. "पिशवी हरवते, बारके. छत्री हरवते. आवाज कसा हरवेल? परवा तर काका म्हणाले, छान झालंय म्हणून."

"छान झालं होतं, ताई."

"मग?"

"मग ते जिथे ठेवलं होतं तिथे पाणी शिरलं."

ताईने दाजींकडे पाहिलं. ते अजून त्या चौकटीतून हाका मारत असतील आणि आपल्यालाच ऐकू येत नसेल, असं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर होतं. मग ती खुर्चीच्या पाठीला धरून सावकाश खाली बसली. डोळ्यांत पाणी नव्हतं. तोंड किंचित उघडं होतं, एवढंच.

दाजींनी लिहिलं. 'प्रत?'

"प्रतही नाही. मी प्रत चुकीच्या जागेची घेत होते. अकरा महिने."

त्यांनी पुसलं, लिहिलं. 'तपासली नव्हती?'

"नाही."

दाजींनी पाटी पुसायला वेळ घेतला. कोपरे पुसले, कडा पुसल्या. मग लिहिलं, 'सही?'

इथे बारकीला खोटं बोलता आलं असतं. ते कागद दाजी कधी पाहणार होते? पण समोरचा माणूस लिफ्टमध्ये वजनं भरून, लिफ्ट वरून खाली सोडून, ब्रेक खरोखर लागतो की नाही हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही करत नसे. एका इमारतीला त्याने दोन महिने सही दिली नव्हती. सात मजले चढणारी माणसं जिन्यातून त्याला शिव्या घालत होती आणि तो शांतपणे "ब्रेक घसरतोय" म्हणत होता.

"केली होती, दाजी."

'किती वेळा.'

"चार."

दाजी तिच्याकडे पाहत राहिले. आवाज गेल्याचं ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं नव्हतं ते आता आलं. त्यांनी मार्करला टोपण लावलं, पाटी पालथी टेबलावर ठेवली आणि उठून आतल्या खोलीत गेले. दार आपटलं नाही, हळूच लोटलं.

"तू जा आता," ताई म्हणाली. "यांच्याशी काही बोलू नकोस. माझ्याशीही नको बोलूस, दोन-चार दिवस."

बारकी प्रत्येक पायरीवर कठडा धरत जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी तिने सगळी हकिकत लिहून काढली, त्यात चार सह्यांसाठी वेगळा परिच्छेद केला आणि सोबत राजीनामा जोडला. मोठ्या बाईंनी हकिकत वाचली आणि राजीनामा खणात टाकला. "हे नंतर बघू. जे बिघडलंय ते तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. आधी जेवढे आवाज परत येतात तेवढे आण."

बिघडलेल्या डिस्कमधून माहिती खरवडून काढणारी एक प्रयोगशाळा होती. सहाही डिस्क तिकडे गेल्या. काय निघेल ते सांगता येणार नाही, तीन आठवडे लागतील, असं उत्तर आलं. त्या तीन आठवड्यांत बारकीने त्रेचाळीस घरी स्वतः फोन केले. हे काम दुसऱ्या कुणाला देऊ, असं काकांनी सुचवलं तर तिने ऐकलं नाही. एका गृहस्थाच्या बायकोने तिला तेच वाक्य तीनदा बोलायला लावलं आणि मग "ठीक आहे" म्हणून फोन ठेवला. एका मुलाने दहा मिनिटं तिची सालटी काढली. संध्याकाळी त्याच मुलाने वडिलांचे फोनवर राहिलेले चार निरोप पाठवले, खाली काहीही न लिहिता.

एका घरी फोन उचलणाऱ्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे तर दोन महिन्यांपूर्वीच गेले."

"मला माहीत नव्हतं. माफ करा. मग मी तुम्हाला उगाच..."

"उगाच नाही," बाई म्हणाल्या. "ती तीनशे वाक्यं मी मागणार होते. पुढच्या महिन्यात येणार होते घ्यायला. मनाची तयारी होत नव्हती म्हणून थांबले." मग त्यांनीच विचारलं, "मी थांबायला नको होतं, नाही का?"

त्या फोननंतर बारकी जिन्याखालच्या खोलीत जाऊन उभी राहिली. तिथे आता काहीच नव्हतं, फक्त फरशीवर कपाटाच्या पायांचे चार गंजके डाग होते.

माणसं कुठेकुठे बोलून ठेवतात ते तिला त्या दिवसांत कळलं. कुणाचा आवाज फोनवरच्या निरोपात सापडला, कुणाचा कचेरीतल्या बैठकीच्या रेकॉर्डिंगमध्ये, कुणाचा नातीला गोष्ट सांगताना. दाजींचा मात्र कुठेच सापडेना. ते आणि ताई तीस वर्षं एका छपराखाली राहिलेले. एकमेकांना निरोप पाठवायची वेळच कधी आली नव्हती. दाजींच्या एका भाच्याच्या लग्नाच्या चित्रफितीत नऊ सेकंद सापडले. दाजी दिसत नव्हते. समोर फोटोसाठी माणसं उभी होती आणि मागून आवाज येत होता: "जरा त्या टोकाला सरका. अजून. अहो, अजून सरका." बारकीने ते ऐकलं आणि कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले. नऊ सेकंदांत आवाज घडत नाही.

तेविसाव्या दिवशी प्रयोगशाळेकडून उत्तर आलं. सतरा जणांचं सगळं मिळालं होतं. मनाची तयारी होत नाही म्हणून थांबलेल्या त्या बाईंच्या नवऱ्याचं त्यात होतं. त्या स्वतः येऊन घेऊन गेल्या, काचेच्या खोलीत बसून ऐकायला मात्र तयार झाल्या नाहीत. पंधरा जणांचं अर्धंमुर्धं मिळालं. अकरा जणांचं काहीच नाही. त्या अकरांतल्या सहा जणांचं घरच्यांनी दिलेल्या तुकड्यांवर भागलं. पाच जण तसेच राहिले. त्या पाच घरी बारकी या वेळी फोन न करता प्रत्यक्ष गेली. दोन घरांनी दार उघडलं नाही.

दाजींची तीनशेपैकी एक्केचाळीस वाक्यं मिळाली.

काकांनी त्यातून जेवढा जमला तेवढा आवाज घडवला आणि टॅब घेऊन ते आणि बारकी ताईच्या घरी गेले. पाच आठवडे दाजींनी तिला पाटीवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांनी टॅब मांडीवर घेतला, एका बोटाने सावकाश टाइप केलं आणि बटण दाबलं.

"पाणी दे," टॅब म्हणाला.

आवाज त्यांचा होता आणि नव्हताही. खणखणीतपणा कुठेतरी बसून गेला होता आणि 'ण' म्हणताना तो ठेचकाळत होता. ताईने टॅबकडे वाकून पाहिलं.

"हा तुमचा थोरला भाऊ बोलतोय," ती म्हणाली. "तोही सर्दी झालेला."

दाजींनी टाइप केलं. "भाऊ तर भाऊ. तू सुरू कर भांडायला."

ताई हसली, आणि हसताहसताच तिचा चेहरा कसा तरी झाला. पाणी आणते म्हणून ती आत गेली. आतला नळ बराच वेळ वाहत राहिला. काका खिडकीबाहेर बघत बसले.

दाजींनी पुन्हा टाइप केलं, या वेळी बारकीकडे बघत. "आराखडा आण."

तिने दुसऱ्या दिवशी चौदा पानं नेऊन दिली. त्यांनी ती आठवडाभर वाचली. लाल पेनाने त्यांनी फार काही लिहिलं नव्हतं. जिथे 'जबाबदार व्यक्तीने तपासावे' असं होतं तिथे खोडून लिहिलं होतं, 'प्रत घेणाऱ्याने तपासू नये. दुसऱ्याने तपासावे.' आणि जिथे 'फाइल्स परत आल्याची खात्री करावी' असं होतं तिथे: 'खात्री कशी? मोठ्याने वाजवून. ज्याचा आवाज आहे त्याने किंवा घरच्याने ऐकून हो म्हटल्यावर.' शेवटच्या पानावर तीन महिने खोडून एक महिना केला होता.

"हे तपासायला दुसरं कोण येणार?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"ते स्वतः येतो म्हणतात," बारकी म्हणाली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी सकाळी दहाला बैठकीच्या खोलीत तपासणी झाली. दाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. नोंदवहीतून त्यांनी मनाला येतील अशी वीस नावं काढली. ज्यांना शक्य होतं ती माणसं किंवा त्यांच्या घरचे भिंतीलगत खुर्च्यांवर बसले. मोकळ्या यंत्रावर बारकी एकेक रेकॉर्डिंग प्रतीतून परत आणत होती आणि दाजी घड्याळात वेळ बघत होते. आवाज वाजला की खुर्चीतलं कुणीतरी मान हलवायचं. कुणी "हो, आमच्या मामांचाच" म्हणायचं.

चौदाव्या रेकॉर्डिंगला आवाज आलाच नाही. फाइल होती, आकार बरोबर होता, पडद्यावर काटा पुढे सरकत होता. खोलीत मात्र काही ऐकू येत नव्हतं. खुर्चीतली तरुण मुलगी उठून उभी राहिली. तिच्या आईचं रेकॉर्डिंग होतं ते.

"थांबा," बारकी म्हणाली. "मूळ बघते." तिने पाण्यानंतर आणलेल्या पेटीतलं मूळ उघडलं. एक बाई स्पष्ट आवाजात दुसरं वाक्य वाचत होती. मुलगी मटकन खाली बसली. कुणीतरी तिच्या पाठीवर हात ठेवला.

बाकीची सहा नीट वाजली. मोठ्या बाईंनी घड्याळ बघत कागद दाजींपुढे सरकवला. दाजींनी तो वाचला, पेन खिशाला लावलं आणि टाइप केलं.

"एकोणीस झाले. सही वीसला. बिघाड शोध, उद्या बोलव."

"उद्या बाईंची तीन ऑपरेशनं आहेत, दाजी."

"मग परवा."

दुपारपर्यंत बारकीने बिघाडाचं मूळ शोधून काढलं: समोरच्या इमारतीतल्या यंत्राची एक तार खराब होती आणि त्या तारेवरून गेलेली बारा रेकॉर्डिंग प्रतीत नुसती मुकी उतरली होती. यंत्राने त्या बाराही वेळी यशस्वी म्हणून कळवलं होतं. तिने तार बदलली, बारा रेकॉर्डिंग पुन्हा उतरवली आणि बाराही शेवटपर्यंत ऐकली. त्यात तिचा उरलेला दिवस आणि पुढची अर्धी सकाळ गेली.

बुधवारी वीसच्या वीस वाजली. दाजींनी सही केली, खाली तारीख घातली, आणि टॅबवर विचारलं, "पुढच्या वेळी कोणती तारीख?"

"चार," बारकी म्हणाली.

त्यांनी ती खिशातल्या डायरीत लिहून घेतली आणि जिन्याकडे वळले. लिफ्ट समोरच उघडी होती. ते आत गेले आणि तिच्यासाठी दार धरून थांबले.